लेक शहापूरची, सासर मुंबईचं

पालिका ज्याला ‘लेक’ म्हणते, पेपरवाले ‘तलाव’ म्हणतात आणि सापगावची माणसं ‘धरण’ म्हणतात, ते पाणी एकच. मग शब्द तीन कशाला? आणि त्या तीन शब्दांच्या मधल्या जागेत नेमकं काय बुडालंय?

जुलै उजाडला की ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक तक्ता फिरायला लागतो. सात नावं, सात आकडे आणि शेवटी टक्केवारी. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. वर ठळक अक्षरांत ‘लेक लेव्हल्स’. पन्नास टक्के झाले की कुणीतरी थम्सअप टाकतं, नव्वद झाले की नाचणारी बाई. पाणीकपात टळली, सोसायटीच्या सेक्रेटरीची नोटीस टळली, शॉवर पूर्ववत सुरू. विषय संपला, चला, मीटिंगला उशीर होतोय.

आता एक प्रयोग करून बघा. शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राला विचारा, ‘लेक’ म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं? नव्याण्णव टक्के उत्तर ठरलेलं. निळंशार पाणी, काठावर झाडं, एखादी होडी, जमलंच तर दोन बदकं. अगदीच प्रॅक्टिकल माणूस असेल तर पवईचा एखादा ‘लेक व्ह्यू’ टू बीएचके आणि त्याचा न परवडणारा ईएमआय. लेक म्हणजे निसर्गानं दिलेली गोष्ट. ती आधीपासूनच तिथे होती, आपण फक्त जाऊन बघायचं.

गंमत अशी, की त्या तक्त्यातल्या सातांपैकी एकही या व्याख्येत बसत नाही. सातही माणसांनी बांधलेली धरणं आहेत. अगदी बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या हद्दीतले विहार आणि तुळशीसुद्धा. विहारचं पाणी १८६० साली मुंबईला मिळू लागलं, तुळशीचं १८७९ मध्ये. मग शहर वाढत गेलं तसे इंजिनीअर उत्तरेला सरकत गेले. तानसा १८९२, मोडकसागर १९५७, पुढे सत्तरच्या दशकात अप्पर वैतरणा, ऐंशीच्या दशकात भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईची तहान दर पिढीला एक नवी नदी अडवत गेली. पण नाव सगळ्यांचं तेच राहिलं, लेक.

आधी थोडा हिशोब

आकडे बोअर असतात हे मान्य, पण हे वाचाच. सातही ठिकाणं काठोकाठ भरली तर एकूण साठा होतो १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. मुंबईला रोज लागतं जवळपास ४,००० दशलक्ष लिटर. म्हणजे साधारण वर्षभराची बेगमी. म्हणून तर १ ऑक्टोबरला साठा किती आहे, यावर पालिकेचं वर्षाचं पाण्याचं गणित ठरतं.

या साठ्यातला एकट्या भातसाचा वाटा ७,१७,०३७ दशलक्ष लिटरचा. जवळजवळ निम्मा. त्यात तानसाचे १,४५,०८० मिळवले की बेरीज साठ टक्क्यांच्या घरात जाते. आणि ही दोन्ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या एकाच तालुक्यात आहेत. शहापूर. तोच तो तालुका, ज्याची आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्टेशनं आपल्याला कसारा लोकलच्या इंडिकेटरवर लागतात आणि आपण ‘बाप रे, कुठे हे’ म्हणून मागची ठाणे लोकल पकडतो.

उलट विहार आणि तुळशी, म्हणजे मुंबईच्या हद्दीतले दोनच, मिळून जेमतेम अडीच टक्के. पावसाळ्यात ‘तुळशी तलाव ओसंडून वाहू लागला’ ही बातमी आली की आपण खूश होतो ना? तो अख्खा तुळशी मुंबईला दोन दिवस पुरतो. फक्त दोन.

थोडक्यात, तुमच्या मगात असलेल्या कॉफीतला निम्म्याहून जास्त भाग शहापूरचा आहे. कॉफी चिकमगळूरची असेल, पाणी मात्र आपल्या शेजारच्या तालुक्याचं.

लेक म्हणजे कोण?

मराठीत ‘लेक’ हा शब्द आधीपासून आहेच, आणि तो पाण्याचा नाही, मायेचा आहे. लेक म्हणजे मुलगी. जन्मते एका घरात, नांदते दुसऱ्या घरात. शब्दाचा योगायोग असला तरी शहापूरच्या पाण्याची कहाणी याच्याइतकी नेमकी दुसऱ्या कुठल्या शब्दात बसणार नाही. पाऊस पडतो शहापूरच्या डोंगरात, पाणी साठतं शहापूरच्या खोऱ्यात, आणि जातं मुंबईला. फरक एवढाच, की खरी लेक निदान दिवाळीला, मंगळागौरीला माहेरी येते. ही लेक एकदा गेली की गेली.

आणि माहेरची परिस्थिती? शहापूर तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरीही फेब्रुवारी-मार्च आला की तालुक्यातल्या डोंगराळ भागातल्या गावापाड्यांत टँकर सुरू होतात. दर वर्षी. पेपरमध्ये दर उन्हाळ्यात तोच फोटो येतो, विहिरीच्या काठावर हंड्यांची रांग आणि तळाशी उतरलेली एक बाई. आपण तो बघतो, ‘अरेरे’ म्हणतो आणि पुढचं पान उलटतो. फोटोखाली गावाचं नाव असतं. ते गाव आपल्याच ‘लेक’च्या शेजारी आहे, हे मात्र लक्षात येत नाही. कारण फोटोखाली ‘लेक’ लिहिलेलं नसतं.

धरण उशाला असून घशाला कोरड का? कारण साधं आहे आणि ते समजून घ्यायला हवं. पाडे असतात डोंगरउतारावर, धरण असतं खाली खोऱ्यात. खालचं पाणी वर चढवायचं तर पंप हवेत, वीज हवी, पाइप हवेत, आणि विजेचं बिल दर महिन्याला भरणारं कुणीतरी हवं. खालचा खडक काळा, कठीण बेसॉल्ट, पावसाचं पाणी तो फारसं पोटात ठेवत नाही. पडलं तितकं वाहून जातं. शिवाय धरण बांधतानाच त्याचं पाणी कुणाचं हे ठरलेलं असतं. मुख्य पाइपलाइनजवळच्या काही गावांना पालिका पाणी देते, पण पाइपलाइन गावावरून जाणं आणि गावाला नळ मिळणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा कळस म्हणजे भावली योजना. शहापूर तालुक्यातल्या ९७ गावांना आणि २५९ पाड्यांना पाणी देण्यासाठी जी योजना आखली गेली, तिचं पाणी भातसाचं नाही, तानसाचंही नाही. ते आणायचं ठरलं इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून, म्हणजे नाशिक जिल्ह्यातून. इंजिनीअरिंगच्या दृष्टीनं बरोबरच आहे ते. भावली उंचावर आहे, त्यामुळे पाणी पंपाशिवाय उतारानं येऊ शकतं. पण हे वाक्य मनात एकदा नीट म्हणून बघा. मुंबईच्या साठ्यातलं साठ टक्के पाणी साठवणाऱ्या तालुक्याला पाणी शेजारच्या जिल्ह्यातून.

सापगावच्या पुलावरून

आता या तीन शब्दांच्या बरोबर मध्ये वसलेल्या एका गावाकडे येऊ. शहापूरहून मुरबाडकडे निघालं की थोड्याच वेळात भातसा नदी लागते. नदीवर पूल आणि काठावर सापगाव. पुलावर थांबून खाली बघितलं तर नदी दिसते, नेहमीसारखी. पण ही नदी थोडी वेगळी आहे. मुंबईसाठी भातसा धरणातून जे पाणी सोडतात, ते धरणातून थेट पाइपात जात नाही. ते नदीपात्रातून वाहत खाली येतं, सापगाव ओलांडतं आणि पुढे भिवंडी तालुक्यात पिसे इथल्या बंधाऱ्यावर अडवून उचललं जातं. मग पांजरापूरला शुद्ध होऊन मुंबईच्या वाटेला लागतं. म्हणजे सापगावच्या पुलाखालून जे वाहतं ते नदीचं पाणी आहेच, पण त्यातलं बरंचसं कुणाच्या तरी अंधेरीतल्या, कुणाच्या तरी चेंबूरमधल्या नळाचंही पाणी आहे. फक्त अजून पोचायचं बाकी आहे.

पावसाळ्यात हेच सापगाव बातमीत येतं. भातसा धरण भरत आलं की दरवाजे उघडण्याआधी प्रशासन इशारा देतं: शहापूर-मुरबाड रस्त्यावरचं सापगाव आणि नदीकाठची इतर गावं, सतर्क राहा. वर्षानुवर्षं जवळपास तेच शब्द, तेच गाव.

आता बघा मजा. एकच घटना, दोन मोबाइल. मुंबईतल्या मोबाइलवर मेसेज येतो, ‘लेक फुल!’ आणि खाली नाचणारी बाई. सापगावच्या मोबाइलवर मेसेज येतो, ‘धरणातून पाणी सोडणार, नदीपात्रात उतरू नये’. इथे सेलिब्रेशन, तिथे गुरं वर आणायची घाई, नदीकाठची मोटार काढायची घाई, पूल बंद झाला तर पलीकडे अडकलेल्या माणसांची काळजी. ‘लेक’ या शब्दाला दरवाजे नसतात. लेक शांत असते, ती ‘सोडली’ जात नाही. धरण भरतं, फुगतं, सोडलं जातं. म्हणून सापगावला ‘लेक’ म्हणून चालणारच नाही. त्यांना तो शब्द वापरणं परवडत नाही.

याच बातमीतला आणखी एक शब्द बघा, ‘विसर्ग’. शाळेत आपण शिकलो तो विसर्ग म्हणजे ‘दुःख’ या शब्दातली दोन टिंबं. पाटबंधारे खात्यातला विसर्ग म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, मोजायचं क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक हा आकडा पेपरात किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत शंभरहून जास्त टँकर पुलाखालून गेले.

हा धागा उलट्या बाजूनंही ओढला जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये भातसा धरणावर तांत्रिक बिघाड झाला आणि पाणी सोडायला अडचण आली, तेव्हा लगेच मुंबईत पाणीकपात करावी लागली. त्या दिवसांत बऱ्याच मुंबईकरांनी भातसा हे नाव पहिल्यांदा गूगल केलं असणार.

तळं राखी तो पाणी चाखी

इंग्रजीला या बाबतीत दोष देण्यात अर्थ नाही. त्या भाषेतही शब्दांची कमतरता नाही. लेक वेगळा, पॉण्ड वेगळा, डॅम वेगळा आणि रिझर्व्हायर वेगळा. रिझर्व्हायरच्या पोटात ‘राखून ठेवणं’ आहे. कुणीतरी, कुणासाठी तरी राखून ठेवलेलं पाणी. मुंबईच्या साठ्यांसाठी तोच नेमका शब्द. पण तो लांब आहे, सरकारी वाटतो आणि ब्रोशरवर छान दिसत नाही. ‘रिझर्व्हायर व्ह्यू अपार्टमेण्ट्स’ कोण घेणार?

मराठीत तर पाण्याचे शब्द विचारूच नका. आपल्या आजीला विचारलंत तर दहा तरी सांगेल. आणि प्रत्येक शब्दात एक छुपी अट आहे, हे पाणी कुणाचं. तळं हे गावाचं. गावानं खणलं, गावानं गाळ काढला, गावानंच वापरलं. म्हणून तर म्हण आहे, तळं राखी तो पाणी चाखी. राखणाऱ्यानं थोडं चाखलं तर चालतं, तो त्याचा हक्कच. विदर्भात भंडारा-गोंदियाकडे मालगुजारांच्या काळातले शेकडो तलाव आहेत, लोक त्यांना लाडानं ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. पाणी गावातच साठायचं आणि गावाच्याच धानाला जायचं.

धरण हा शब्द मात्र या गोतावळ्यातला नाही. त्याच्या मुळाशी ‘धरणं’ आहे, पकडून ठेवणं. नदीला धरून ठेवतात ते धरण. आणि मागणी मान्य होईपर्यंत जागा धरून बसतात तेही धरणंच. आंदोलनाचं. भाषेनं आधीच सांगून ठेवलंय, जिथे धरण येईल तिथे धरणंही येईल. भातसाच्या प्रकल्पग्रस्तांची पुनर्वसनाची मागणी धरण उभं राहिल्यावर कित्येक दशकं बातम्यांत येत राहिली, हे याच शब्दाचं उरलेलं अर्धं.

‘प्रकल्पग्रस्त’, ‘धरणग्रस्त’. हेही शब्द बघा. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रासलेला. ग्रहणातला चंद्र ग्रस्त असतो. इंग्रजी फाइलींत याचं ‘पीएपी’ होतं, प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन. अफेक्टेड तर आपण ट्रॅफिकनंही होतो. ग्रस्त होणं वेगळं.

टाकं, टँक, टँकर

शब्दांच्या या प्रवासातला सगळ्यात भारी किस्सा ‘टँक’चा. आसनगाव स्टेशनवरून दिसणारा माहुली किल्ला तुम्ही ट्रेकिंग करत असाल तर नक्की माहीत असणार. ठाणे जिल्ह्यातला उंच किल्ला. त्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सह्याद्रीतल्या जवळपास प्रत्येक किल्ल्यावर असतात तशीच. एक टाकं, अनेक टाकी. इंग्रजीतला ‘टँक’ हा शब्द याच आपल्याकडच्या टाक्यावरून गेला असावा, असं शब्दकोशकारांचं एक मत आहे. दुसरं मत पोर्तुगीजांकडे बोट दाखवतं. वाद चालू राहू दे.

पण गेला तो परत आला कसा ते बघा. जुन्या मुंबईत ‘टँक’ म्हणजे तलाव. गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं त्या काळची. नळ आले, तलाव बुजले, नावं तेवढी बसस्टॉपवर राहिली. मग टँक इमारतीच्या गच्चीवर चढला, काळा, प्लॅस्टिकचा, गोल. आणि शेवटी त्याला चाकं लागून झाला ‘टँकर’. हा टँकर उन्हाळ्यात माहुलीच्याच पायथ्याच्या तालुक्यात फिरतो. डोंगरावर कातळ खोदून पाणी साठवणारी माणसं होती, तिथे डोंगराखाली आज टँकरची वाट बघतात. टाक्यापासून टँकरपर्यंत एवढा मोठा प्रवास एकाच शब्दानं केला.

आणि टँकरही जिथे पोचत नाही तिथे आहे ‘झिरा’. आटलेल्या ओढ्याच्या पात्रात हातानं खड्डा करायचा, पाणी पाझरायची वाट बघायची, वाटीनं हंडा भरायचा. कुठे याला डवरा म्हणतात. याला इंग्रजी शब्द शोधायच्या भानगडीत पडू नका.

सरकारी निकषही दोन भाषा बोलतात. शहरात माणशी रोज १३५ लिटर, गावात नळयोजनेसाठी माणशी ५५ लिटर. त्यामुळे शहरात असते ती ‘पाणीकपात’, गावात असते ती ‘पाणीटंचाई’. कपात म्हणजे होतं त्यातलं दहा टक्के कमी झालं. टंचाई म्हणजे मुळात नव्हतंच.

वीकेण्डची लेक

हे फक्त शहापूरचं नाही. पुढच्या शनिवारी तुमच्यापैकी कितीजण ‘पवना लेक’ला कॅम्पिंगला निघालेत? तंबू, बार्बेक्यू, गिटार, फुल ऑन धमाल. मावळात मात्र ते पवना धरण आहे. या धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपलाइननं पाणी नेण्याला शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन जणांचा जीव गेला. कॅम्पिंगच्या बुकिंग पेजवर हे लिहिलेलं नसतं. तिथे फक्त ‘लेकसाइड टेण्ट’ असतं.

‘मुळशी लेक’चंही तसंच. पावसाळी ड्राइव्हसाठी फेव्हरेट स्पॉट. पण आपल्या आजोबांच्या पिढीला मुळशी म्हटलं की आठवायचा तो सत्याग्रह. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांचं धरण होणार होतं, मावळ्यांच्या जमिनी जाणार होत्या. १९२१ मध्ये त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला आणि त्याचं नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना लोकांनी कायमचं ‘सेनापती’ केलं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांपैकी हा एक. शंभर वर्षांत ‘मुळशीचा सत्याग्रह’ जाऊन ‘मुळशी लेक व्ह्यू’ उरला.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. इंग्लंडमधल्या प्रसिद्ध लेक डिस्ट्रिक्टमध्ये थर्लमिअर नावाचा जलाशय आहे. १८९४ मध्ये तिथून मँचेस्टरला पाणी जाऊ लागलं, आपल्या तानसानंतर दोनच वर्षांनी. पुढे १९३० च्या दशकात त्याच मँचेस्टरसाठी हॉजवॉटरवर धरण झालं आणि मार्डेल नावाचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं. फार मोठा दुष्काळ पडला की त्या गावाचे अवशेष वर येतात आणि लोक बघायला गर्दी करतात. आपल्या उजनीत पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, अगदी तसंच. पाणी उतरलं की ‘लेक’ म्हणते, मी इथे पहिली नव्हते.

पुढची लेक कोणाची?

मुंबई महानगराची तहान काही थांबलेली नाही. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरण बांधायचं ठरलं, काम सुरूही झालं. वनखात्याची परवानगी नसताना काम चालल्याची तक्रार कोर्टात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते थांबवलं. त्यानंतर पुन्हा हालचाली झाल्या. ते धरण झालं तर पंधरा-वीस वर्षांनी तुमच्या तक्त्यात आठवं-नववं नाव येईल, आणि अर्थातच त्यालाही लेक म्हणतील.

मग काय, धरणंच नकोत? असं म्हणणं सोपं आहे, विशेषतः नळ सुरू असताना. दोन कोटींच्या महानगराला पाणी कुठून तरी आणावंच लागणार. पण ज्याचं आणतो त्याचा हिशोब ठेवता येतो. मुरबाड-बदलापूरकडच्या बारवी धरणाची उंची वाढवताना असा एक प्रयत्न झाला. बारवीचं पाणी पिणाऱ्या महापालिकांमध्ये आणि औद्योगिक विकास महामंडळात प्रकल्पग्रस्त कुटुंबांतल्या मुलांना नोकऱ्या द्यायचा निर्णय झाला. गेलेलं गाव त्यानं परत येत नाही. पण पाणी पिणारा आणि पाणी देणारा यांची निदान कागदावर ओळख झाली. भातसा, तानसाच्या बाबतीत शहराला एवढी ओळखही पटलेली दिसत नाही.

ती ओळख पटायला सुरुवात शब्दांपासून होऊ शकते. त्याला खर्च शून्य. पुढच्या जुलैत तो तक्ता आला की फॉरवर्ड करताना वरचं ‘लेक लेव्हल्स’ खोडून ‘धरणांतला साठा’ लिहून बघा. बघा किती जण विचारतात, ‘कुठली धरणं रे?’ मग सांगा. आणि टक्केवारीच्या शेजारी त्या दिवशी शहापूर तालुक्यात किती टँकर चालू आहेत, हा एक आकडा छापायला पालिकेला किंवा पेपरांना फार जागा लागणार नाही. एका ओळीचं काम आहे. सात नावांच्या खाली आठवी ओळ.

—

चौकट: शब्द ओळखीचे, पाणी वेगळं

तळं: लहान, गावाचं, बहुधा देवळाजवळचं. गाळ काढायला सगळ्यांनी जायचं.

तलाव: तळ्याचा मोठा भाऊ. ठाण्याचा मासुंदा हा तलाव. भातसा नव्हे.

सरोवर: मोठं, बहुधा नैसर्गिक. लोणारचं सरोवर उल्का आदळून झालं. ‘लेक’ला मराठी शब्द हवाच असेल तर सगळ्यात जवळचा हाच.

जलाशय: धरणाच्या भिंतीमागे साठलेलं पाणी. सरकारी पाटीवरचा शब्द.

बंधारा: धरणाचा धाकटा भाऊ. पाणी थोडा वेळ अडवतो, वरून जाऊ देतो. पिसेला आहे.

फुगवटा: धरणामुळे नदीत मागे चढलेलं पाणी. आपण याला ‘बॅकवॉटर’ म्हणतो आणि तिथे रिसॉर्ट बांधतो.

बुडीत क्षेत्र: फुगवट्याखाली गेलेली जमीन. बँकेतलं कर्ज बुडीत निघतं तेव्हा बँकेचं जातं, इथे गाव जातं.

पाणलोट: ज्या उतारावरचा पाऊस धरणात येतो तो सगळा मुलूख. मॉलवाले ‘कॅचमेंट’ म्हणतात तेव्हा त्यांना गिऱ्हाइकं हवी असतात, पालिकेला पाऊस. तिथे राहणाऱ्या माणसांची मोजणी दोघांच्याही यादीत नसते.

विसर्ग: सोडलेलं पाणी. क्युसेकमध्ये मोजतात. सापगावला सांगून सोडतात.